जनसुनावणीत प्राण्यांची बाजू कशी मांडायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दक्षिण कोकणातल्या एका गावालगतच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, खाण प्रस्तावित आहे आणि तिच्या पर्यावरण मंजुरीसाठी जनसुनावणी होणार आहे. जमीन, पाणी आणि रोजगार यांबद्दल माणसं हरकती नोंदवतील. पण सड्यावरचे बेडूक, राईतले धनेश पक्षी, वहाळातले (ओढ्यातले) मासे यांच्या वतीने कोण बोलणार? कायद्यात त्याला जागा आहे का, आणि बोललं तर निर्णयावर काही परिणाम होतो का?

आधी सरळ उत्तर. प्राण्यांचा प्रतिनिधी म्हणून मत देता येईल अशी खुर्ची पर्यावरण मंजुरीच्या प्रक्रियेत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राचं पशुकल्याण मंडळ आहे, त्यात सहा खासदारही असतात, पण त्याचं मुख्य काम सल्ला देण्याचं. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, पण तुमच्या वहाळातला मासा तिथपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तरीही जागा आहे. ती खुर्चीत शोधू नका. तुमच्या मुद्द्याला लेखी उत्तर देणं समोरच्याला भाग पडेल अशा टप्प्यांवर शोधा.

बाहेरच्या देशांचा अनुभवही हेच सांगतो. स्वित्झर्लंडच्या झ्युरिक कॅन्टनमध्ये १९९२ ते २०१० या काळात ‘प्राण्यांचा वकील’ हे सरकारी पद होतं. क्रूरतेच्या फौजदारी खटल्यांत तो प्राण्याची बाजू मांडत असे. हे पद देशभर असावं का, यावर ७ मार्च २०१० रोजी सार्वमत झालं आणि सुमारे ७० टक्के मतदारांनी नकार दिला. पद गेलं. पण ते होतं तेव्हाही वकील उभा राहायचा तो इजा झाल्यानंतर. ब्रिटनने २०२२ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तिथे एक समिती सरकारी धोरण तपासते आणि प्राण्यांवरच्या दुष्परिणामांचा पुरेसा विचार झाला का, यावर अहवाल देते. अहवाल बंधनकारक नसतो, पण तीन महिन्यांच्या आत मंत्र्याला संसदेत उत्तर ठेवावंच लागतं. या कायद्यात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांबरोबर खेकडे, झिंगे आणि ऑक्टोपसही येतात. मला या कायद्यातला सगळ्यात उपयोगी भाग उत्तराच्या सक्तीचा वाटतो.

आपल्याकडे तशी सक्ती १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत आहे. जनसुनावणीत आणि लेखी हरकतींत आलेल्या सर्व महत्त्वाच्या पर्यावरणीय मुद्द्यांची दखल घेऊन प्रकल्पधारकाने प्रकल्पाच्या परिणामांविषयीच्या मसुदा अहवालात बदल करायचे आणि मगच अंतिम अहवाल सादर करायचा, असं ती सांगते. ‘आम्हाला खाण नको’ या वाक्याला ‘शासनाच्या नियमांचे पालन केले जाईल’ एवढं उत्तर पुरतं. ‘तुमचं बेडकांचं सर्वेक्षण जानेवारीत का झालं?’ या प्रश्नाला ते पुरत नाही. सगळं काम या फरकावर उभं आहे.

जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात येते. सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाच्या खाली नसलेला त्यांचा प्रतिनिधी असतो. गणपूर्तीची अट नाही. पूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं. मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि स्थानिक स्वराज्य संस्थेत पाहायला ठेवतात. मराठीत असतो तो फक्त सारांश. प्राण्यांचा भाग मात्र मूळ इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टात असतो, म्हणून सारांशावर थांबू नका. आणि एक सापळा आधीच लक्षात घ्या: नव्याने भूसंपादन नसलेल्या रस्ता-रुंदीकरणाला जनसुनावणीच लागत नाही. तिथे तुमचं निवेदन थेट तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे (मंजुरीसाठी प्रकल्प तपासणाऱ्या समितीकडे) आणि वनखात्याकडे जायला हवं.

हे ३० दिवस फसवे असतात. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायची मुदतही ३० दिवसांचीच आहे. म्हणजे सूचना वाचून अर्ज केला, तर उत्तर सुनावणीनंतर हातात पडतं. परिवेश या पर्यावरण मंजुरीच्या सरकारी पोर्टलवर प्रकल्पाचा पहिला अर्ज दिसला की त्याच आठवड्यात माहिती अधिकार टाका. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, शुल्क १० रुपये. मागायचं काय? वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून मागच्या पाच वर्षांतले वन्यप्राण्यांनी गुरं मारल्याचे आणि पिकांचं नुकसान केल्याचे पंचनामे, गाव आणि तारखेनुसार. बिबट्या, गवा, रानडुक्कर, क्वचित वाघ या भागात वावरतात याचा हा सरकारी पुरावा आहे. त्याच्यावर सरकारचीच सही असते. मसुदा अहवालात ‘मोठे सस्तन प्राणी आढळले नाहीत’ असं असेल आणि तुमच्याकडे त्याच गावातल्या गाय मारल्याच्या पंचनाम्यांची प्रत असेल, तर त्या एका कागदाचं वजन शंभर सह्यांपेक्षा जास्त भरतं.

आता मसुदा अहवालातलं प्राण्यांचं प्रकरण कसं वाचायचं. पहिल्यांदा तारखा पाहा. खाणींसारख्या प्रकल्पांत मूळ स्थितीची माहिती बहुधा एकाच हंगामाची, तीही पावसाळा वगळून घेतलेली असते. हवेतली धूळ मोजायला हे चालतं. सह्याद्रीतल्या उभयचरांसाठी हे म्हणजे शाळा भरते का, हे मे महिन्यात जाऊन पाहण्यासारखं आहे. सड्यावरची डबकी जून ते सप्टेंबर भरलेली असतात. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांवर फेसाचं घरटं करतो आणि डिंभ, म्हणजे बेडकाची पिल्लं, खालच्या पाण्यात पडतात. देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर ओल्या मातीत सापडतो. आंबोलीच्या जांभ्या दगडावरची उथळ डबकी ही तिथल्याच एका भेकाची प्रजननाची जागा आहे. डिसेंबरात गेलेल्या सर्वेक्षकाला यातलं काहीही दिसणार नाही, आणि तो खोटं न बोलताही ‘आढळले नाही’ असं लिहील.

दुसरं, वन्यजीव कायद्याच्या अनुसूची तपासा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, सहाच्या चार अनुसूची झाल्या. प्राणी आता पहिल्या दोन अनुसूचींत आहेत, तिसरी वनस्पतींची आणि चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराशी संबंधित. नव्या अहवालात एखादा पक्षी ‘अनुसूची ४’ मध्ये दाखवला असेल, तर यादी जुन्या अहवालातून उचललेली असण्याची दाट शक्यता आहे. तसं लिहून विचारा. यादीत कोकणात न आढळणारी एखादी जात दिसली, तर पान क्रमांकासह तीही नोंदवा. पहिल्या अनुसूचीतली जात असेल, तर तिच्यासाठी खर्चाच्या तरतुदीसह संवर्धन आराखडा मागितला जातो. तो जोडलाय का आणि त्यातली रक्कम कशावर खर्च होणार, ते पाहा. पाण्याची टाकी आणि माहितीफलक एवढंच असेल, तर त्या जातीच्या गरजेचा विचार झालेला नाही.

तिसरं, जमिनीचं वर्णन. सातबारावर सडा बहुधा पोटखराबा म्हणून लागलेला असतो. अहवालात तो ‘पडीक, नापीक जमीन’ होऊन येतो. शेतीच्या दृष्टीने नापीक असलेली जमीन प्राण्यांनाही निरुपयोगी, असं गृहीत धरून पुढची सगळी पानं लिहिली जातात. हे एक वाक्य खोडलं गेलं, तर अहवालाचा पाया हलतो.

पहिल्या अर्जात काय लपलं याचं महत्त्व गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या खटल्यात दिसतं. २०१५ ची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी स्थगित केली. परिसरातली जंगलं आणि संवेदनशील क्षेत्रं अर्जात नीट उघड केली नव्हती, हे त्यातलं मुख्य कारण होतं. समितीने पुन्हा विचार करून जादा अटी घातल्या, जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. प्रकल्प थांबला नाही म्हणून हे अपयश मानणारे आहेत. मला ते पटत नाही. अर्जातली गाळलेली ओळ मंजुरी रोखू शकते, हे त्या निकालाने पक्कं केलं. आज तुमच्या हाती असलेलं सगळ्यात धारदार साधन तेच आहे.

निवेदन लिहिताना एका जातीला एक परिच्छेद द्या आणि त्यात चार गोष्टी आणा: ती जात कुठे व कोणत्या महिन्यांत असते; तिला काय लागतं; अहवाल त्याबद्दल काय म्हणतो, पान क्रमांकासह; आणि तुमची मागणी, मोजता येईल अशी. नमुना:

‘सर्व्हे नंबर … मधील सड्यावर जून ते सप्टेंबर उथळ डबकी असतात व त्यांत बेडकांची अंडी व डिंभ असतात. मसुदा अहवालातील सर्वेक्षण डिसेंबर ते फेब्रुवारीचे आहे (पृष्ठ …). त्या काळात ही डबकी कोरडी असतात. मागणी: जून ते सप्टेंबर या काळात किमान तीन भेटींचे, रात्रीच्या पाहणीसह सर्वेक्षण करून अंतिम अहवालास जोडावे. तोवर या भागात खोदकाम, भराव वा यंत्रांची ये-जा आराखड्यात दाखवू नये.’

धनेशाच्या बाबतीत मागणी झाडाची असते. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त चोच मावेल एवढी फट ठेवते. त्या काळात तिची पिसं गळतात आणि नर तिला बाहेरून भरवतो. हा काळ साधारण जानेवारी-फेब्रुवारी ते मे. म्हणजे नेमका झाडतोडीचा हंगाम. या काळात ढोलीचं झाड पडलं की मादी आणि पिल्लं आतच मरतात, आणि नर मारला गेला तर तीच गत. म्हणून ‘धनेश वाचवा’ असं लिहू नका. ढोली असलेल्या झाडांना क्रमांक द्या, खोडाचा घेर मोजा, मोबाइलवर ठिकाणाच्या नोंदीसह फोटो घ्या आणि ती झाडं तोडीच्या यादीतून वगळण्याची मागणी करा. सोबत वड, उंबर, पिंपळ यांची फळती झाडंही मागा, कारण ढोली राहिली आणि उंबर गेला तर ती ढोली पुढच्या वर्षी रिकामी राहते.

रस्त्यांसाठी मागणी मीटरमध्ये असते. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या महाराष्ट्रातल्या टप्प्यावर वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ रचना बांधल्या गेल्या, ५० मीटरपासून ७५० मीटरपर्यंत लांबीच्या. त्यासाठी न्यायालयात लढावं लागलं, पण वाद ‘जंगल हवं की रस्ता’ इथे अडकला नाही. कोणता प्राणी किती उंचीच्या आणि रुंदीच्या वाटेखालून जाईल, इथपर्यंत तो आला. पुढे कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक जाती त्या वाटांवर टिपल्या गेल्या. किनाऱ्यावर मागणी उजेडाची असते. कासवाची पिल्लं समुद्राच्या उजेडाकडे धावतात आणि किनाऱ्यावरच्या दिव्यांनी उलट्या दिशेला जातात. २०११ च्या सागरी किनारा अधिसूचनेत गोव्याचे मांद्रे, मोरजी, गालजीबाग आणि आगोंद हे किनारे कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा म्हणून नावानिशी आहेत. किनाऱ्याचं नाव अधिसूचनेत छापलेलं असलं, की पुढच्या प्रत्येक प्रस्तावात त्याबद्दल वेगळं बोलावं लागतं.

गुरं विसरू नका. प्राणी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त रानातले येतात. चाऱ्यावर बसणारी धूळ, सुरुंगाचे हादरे, गुरांना पाणी पाजायची कोंड बंद होणं, चराईची वाट तुटणं हे सगळं याच सुनावणीत मांडायचं. गावातल्या गुरांचे आकडे पशुगणनेतून घ्या. धनगर, कातकरी, भोई यांची माहिती सर्वेक्षकांपेक्षा बारीक असते. त्यांना व्यासपीठावर ढकलू नका. त्यांच्या शब्दांत, जागा आणि महिना सांगून, जबाब लिहून घ्या, वाचून दाखवा आणि सही किंवा अंगठा घेऊन निवेदनाला जोडा. जो बोलतोय त्याची जमीन प्रकल्पात जात असेल, तर तेही पहिल्याच ओळीत सांगा. लपवलेला हितसंबंध समोरचा वकील बाहेर काढतो आणि त्याबरोबर बेडकाचा मुद्दाही बाद होतो.

आपण नेमके कोणाच्या वतीने बोलतोय, हे ठरवलं नाही तर मोठा गोंधळ होतो. १९६० चा क्रूरताविरोधी कायदा एकेका प्राण्याच्या यातनेचा विचार करतो, १९७२ चा वन्यजीव कायदा प्रामुख्याने जातीचा आणि अधिवासाचा. दोन्ही एकमेकांवर आदळतात. किनाऱ्यावरची भटकी कुत्री कासवाची घरटी उकरतात. तिथे ‘प्राण्यांची बाजू’ अशी एकच बाजू नसते. निवेदनात दोन्ही मांडा आणि तुम्ही कोणती निवडलीत व का, ते लिहा: घरट्यांच्या हंगामात रात्रीची राखण आणि जाळीची कुंपणं, त्याचबरोबर कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण. हक्कांच्या भाषेवर फार भार टाकू नका. तामिळनाडूतल्या जल्लिकट्टू या बैलांच्या खेळाबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालात प्राण्यांच्या हक्कांची व्यापक मांडणी झाली होती. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, आपल्या बैलगाडा शर्यतींच्या दुरुस्तीसह राज्यांचे कायदे वैध ठरवताना, प्राण्यांना मूलभूत हक्क असल्याची मांडणी स्वीकारली नाही. जनसुनावणीत गरज आणि पुरावा चालतो.

वाघाच्या बाबतीत संयम ठेवा. ठोस पुरावा नसताना ‘इथे वाघ आहे’ असं भाषण झालं आणि वनखात्याने नकार दिला, तर इतिवृत्तात तेवढंच उरतं. पुराव्यात बसतं तेवढंच म्हणा.

ग्रामपंचायतीचं काम सुनावणीच्या किती तरी आधी सुरू व्हायला हवं. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा पुष्कळ नोंदवह्या घाईत उरकल्या गेल्या. तुमची उघडून पाहा. शेजारच्या गावासारखीच हुबेहूब असेल, तर समितीची बैठक लावून ती नव्याने भरा: स्थानिक नाव, जागा, महिने, सांगणाऱ्याचं नाव. मग ग्रामसभेत ठराव घ्या. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी ती. विषय सूचनेतच छापलेला हवा, आयत्या वेळचा ठराव पुढे टिकवणं कठीण जातं. गावाला वनहक्क मिळालेले असतील, तर २००६ च्या कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव आणि जैवविविधता राखण्याचा अधिकारच ग्रामसभेला दिलाय. ठरावात तो उद्धृत करा.

याचं फळ काय असू शकतं, ते आंबोलीत दिसतं. हिरण्यकेशीच्या महादेव मंदिराच्या कुंडात सापडलेल्या एका छोट्या माशाचं शास्त्रीय वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि जातीला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये राज्य सरकारने मंदिर परिसरातलं २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केलं. एका माशासाठी राज्याने अधिसूचना काढली. नाव, जागा आणि गरज कागदावर आली होती म्हणून ते शक्य झालं.

सुनावणीच्या दिवशी निवेदनाच्या दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. बोलायला तीन-चार मिनिटं मिळतात. त्यात सगळं वाचायला जाऊ नका; ‘माझं लेखी निवेदन इतक्या पानांचं आहे, परिशिष्टं इतकी’ हे कॅमेऱ्यासमोर सांगा आणि सगळ्यात पक्का एक मुद्दा मांडा. मग शेवटपर्यंत थांबा. कामकाजाचा सारांश तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. बहुतेक लोक तोवर जेवायला निघून गेलेले असतात आणि प्राण्यांचे मुद्दे ‘पर्यावरणविषयक इतर सूचना’ या एका ओळीत मावतात. तिथेच उभं राहून जातीचं नाव आणि मागणी सारांशात घालायला लावा, कारण पुढे समिती चित्रीकरणापेक्षा हा कागद वाचण्याची शक्यता जास्त.

नंतर परिवेशवर अंतिम अहवाल आला की तुमच्या प्रत्येक मुद्द्यासमोर काय उत्तर आहे ते तपासा. उत्तर नसेल किंवा गोल असेल, तर समितीच्या बैठकीपूर्वी सदस्य-सचिवांना एक पानाचं पत्र पाठवा: मुद्दा, इतिवृत्ताचं पान, अहवालातलं उत्तर. मंजुरी मिळालीच, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवस आहे, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस, त्यापुढे नाही. आपल्या भागाचं खंडपीठ पुण्याला आहे. ‘समोर मांडलेल्या मुद्द्याला उत्तर दिलं नाही’ हे अपिलातलं मजबूत कारण, आणि ते तुमच्या शिक्का मारलेल्या प्रतीवर उभं राहतं.

अपील करायचं नसेल, तर मंजुरीपत्रातल्या अटी वेगळ्या काढून ठेवा. प्रकल्पधारकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल द्यावा लागतो. त्यात ढोलीच्या झाडांबद्दलची अट ‘पालन केले’ म्हणून दाखवली असेल, तर तुमच्या यादीतले क्रमांक घेऊन राईत जा आणि एकेक झाड मोजा. क्रमांक, तारीख, फोटो आणि उभं आहे की नाही, एवढंच लिहून प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवा, आणि त्याची एक प्रत जैवविविधता नोंदवहीत लावा.